सव्वीस वर्षं आणि एक उंदीर

आमचे हे सव्वीस वर्षं उंदीर पकडायच्या नोकरीत आहेत, आणि सव्वीस वर्षांत त्यांनी एकही उंदीर पकडलेला नाही. हसा, खुशाल हसा. माझ्या माहेरी हा विनोद इतका शिळा झालाय की आता त्याला वासही येत नाही, तरी माझा थोरला भाऊ भेटला की विचारणारच, "काय जावईबापू, यंदा किती?"

"शून्य," हे सांगणार.

"मग पगार कसला मिळतो?"

"शून्याचाच."

आणि हे खरं आहे. किनाऱ्यापासून बोटीनं अर्ध्या तासावर एक बेट आहे, राखीव. तिथं उंदीर नाही, मांजर नाही, कुत्रं नाही. आहेत ती झाडं आणि पक्षी. त्यातला एक तपकिरी पक्षी असा आहे की त्याला उडताच येत नाही. जमिनीवर चालतो, जमिनीवरच पालापाचोळ्यात अंडी घालतो, आणि जगाच्या पाठीवर फक्त ह्याच बेटावर उरलाय. एक उंदीर जरी तिथं पोचला तरी तो घरट्यामागून घरटं साफ करत सुटेल. तर तो पोचलेला नाही ना, हे रोज बघणं म्हणजे ह्यांची नोकरी.

बेटभर एकशे दहा लाकडी पेट्या आहेत. पेटी म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडा असा हातभर बोगदा. आत शाईचा बोळा, पांढरं कार्ड आणि मधोमध आमिष. जो प्राणी आत शिरेल त्याच्या पावलांचे ठसे कार्डावर उमटतात. शेजारी सापळा लावलेला असतोच. हे रोज फिरून कार्डं बदलतात आणि वाचतात. खेकडा, सरडा, झुरळ, पुन्हा खेकडा. लोक चहाबरोबर पेपर वाचतात तसे हे कार्ड वाचतात. मग संध्याकाळी नोंदवहीत उंदरांच्या रकान्यात शून्य लिहितात, आणि शून्य असं गोल, सुबक काढतात की वाटावं, ह्याचंच बक्षीस आहे.

त्या पक्ष्यांना हे 'पोरं' म्हणतात. "पोरांनी आज अंडी घातली", "पोरं भिजली काल". आमची सख्खी मुलगी कुठल्या महिन्यातली ते एकदा विसरले होते, पण चौथ्या घरट्यातलं तिसरं अंडं किती तारखेचं, ते झोपेतून उठवून विचारा.

बाहेर इतका चोख असलेला हा माणूस घरी मात्र एकच शब्द बोलतो. "बघतो."

नळ गळतोय. बघतो. खिडकीची कडी निघालीय. बघतो. एकतीस वर्षांच्या संसारात मी हा शब्द इतक्यांदा ऐकलाय की त्याच्या ऐवजी एकेक वीट मिळाली असती तर आमच्या घरावर दुसरा मजला चढला असता.

तर यंदा आमच्या घरात उंदीर झाला. हो, आमच्याच. स्वयंपाकघरामागच्या कोठीत मी कपड्यांचा पिवळा साबण ठेवते, त्याच्या वड्यांवर रोज नवे दात दिसायला लागले. धान्य नको, बटाटे नकोत, ह्या महाराजांना साबण आवडत होता. मी एक वडी ह्यांच्या नाकापुढे धरली.

"अहो, तुम्ही उंदीरखात्यातले, आणि तुमच्याच घरात उंदीर?"

ह्यांनी चष्मा लावला, वडी उजेडात फिरवली आणि एखाद्या डॉक्टरनं एक्स-रे बघावा तसं गंभीरपणे म्हणाले, "तरुण आहे. वरच्या डाव्या दाताचा टवका उडालाय, बघ, रेघ तिरकी जाते."

"त्याची पत्रिका नकोय मला. सापळा लावा."

"बघतो," म्हणाले, आणि चप्पल घालून नोकरीवर गेले. शून्य लिहायला!

मी रोज आठवण करत होते. रोज 'बघतो'. शेवटी मीच हात टेकले.

त्या महिनाअखेर हे निवृत्त होणार होते. दरवर्षी पिल्लं बाहेर पडायच्या आधी एका रविवारी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बेट दाखवतात. हे दरवर्षी विचारायचे, मी दरवर्षी नाही म्हणायचे. बोट लागते मला. शिवाय खोटं कशाला बोलू, मला त्या बेटाचा रागच होता. ह्या माणसाचं सगळं 'बघणं' तिकडे खर्च व्हायचं आणि घरी उरायचा नुसता शब्द. पण ह्या वेळी त्यांनी विचारलं ते असं, मान खाली घालून, बुटाची नाडी बांधता बांधता. "शेवटचंच वर्ष आहे. आलीस तर बरं वाटेल."

विरघळले मी. जाते कुठं?

शनिवारीच कोठीतली मोठी कापडी पिशवी भरून ठेवली. तळाशी घडी घातलेली जुनी सतरंजी होतीच, वर उकडलेली अंडी, बिस्किटं, थर्मास, एक जादा स्वेटर.

बोटीवर चढायच्या आधी धक्क्यावर एक खोली आहे. तिथं प्रत्येकाची पिशवी रिकामी करून बघतात, खिसे उलटे करतात, बूट घासतात. हे काम करणाऱ्याला सगळे 'भिंग' म्हणतात, कारण तो बुटाच्या तळव्यात अडकलेलं गवताचं बी भिंग लावून शोधतो. एकदा म्हणे एका मंत्र्याला त्यानं मोज्यांवर उभं केलं होतं. मी त्याला भाऊजी म्हणते. पंधरा वर्षं आमच्याकडे येणं-जाणं आहे, मला वहिनी मानतो.

माझी पाळी आली तशी मी पिशवी टेबलावर ठेवली. भिंग भाऊजींनी दोन्ही हात मागे घेतले.

"छे छे वहिनी! तुमची पिशवी काय बघायची? अहो, साहेबांच्या घरची पिशवी ती! पहिल्यांदा येताय, जा, वाऱ्यावर बसा."

हे मागे बूट घासत होते, त्यांनी बघितलं नाही. आणि मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. मागच्या बायका स्वतःचे रुमाल झटकत उभ्या होत्या आणि मी राणीसारखी पुढे गेले. मान ताठ करून.

बेटावर एक पत्र्याची खोली आहे, तिच्या भिंतीला टेकून पिशवी ठेवली. अर्ध्या तासानं सतरंजी काढली, झाडाखाली घडी न मोडताच टाकली, तिच्यावर बसून जेवलो. ह्यांनी मला हळूहळू सगळं दाखवलं, पेट्या, घरट्यांच्या खुणेच्या काठ्या, कार्डं. घरटी नऊ होती, सगळी अंड्यांवर बसलेली. पक्षी एकही दिसला नाही. "नुसता पाला दाखवायला आणलंत होय?" मी म्हटलं. हे हसले. दिवस छान गेला, मनापासून सांगते. परतताना बोटही लागली नाही.

मंगळवारी हे घरी आले ते बूट न काढता खुर्चीत बसले.

"काय झालं?"

खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. खोलीशेजारच्या चौदा नंबरच्या पेटीतलं. कडेला चार छोटे ठसे, पुढे चार बोटं, मागे पाच. आत येऊन आमिषाला तोंड न लावता परत फिरलेले.

"उंदीर," हे म्हणाले. सव्वीस वर्षांत हा शब्द इतक्या हळू कधी म्हटला नव्हता त्यांनी.

त्यानंतर हे पहिल्या बोटीनं जायचे, शेवटच्या बोटीनं यायचे. सापळे दुप्पट केले, आमिषं बदलली. सुकं खोबरं, चीज, शेंगदाणे, चॉकलेटसुद्धा. तो काही घेईना. "नव्या जागी आलाय," हे सांगायचे, "उंदीर अनोळखी खाण्याला लवकर तोंड लावत नाही. भीत भीत राहतो. पण अंडी तो ओळखेल." विष टाकायची सोय नव्हती, कारण पोरंही जमिनीवरचंच वेचून खातात. पिल्लं बाहेर यायला बारा दिवस होते. तेवढ्यात तो सापडला नाही तर त्या सालची सगळी वीण गेली, आणि ती जात जगात दुसरीकडे कुठंच नाही.

शुक्रवारी सहावं घरटं गेलं. तिन्ही अंडी. हे जेवायला बसले आणि तसेच उठले. "माझ्याच वेळेला," एवढंच म्हणाले. मला त्यांचा चेहरा बघवेना. उंदराला मी ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

आणि शनिवारी सकाळी मी सतरंजी धुवायला काढली.

घडी उलगडली तर मधोमध मूठ जाईल एवढं भोक. त्यात कुरतडलेल्या कागदांचा गोळा, लेंड्या आणि पिवळा चुरा. चुरा बोटावर घेऊन वास घेतला. कपड्यांचा साबण.

मी मोरीतच खाली बसले. म्हणजे तो माझ्याच कोठीतला. शनिवारी भरलेल्या पिशवीत, सतरंजीच्या घडीत झोपलेला. मीच त्याला मांडीवर घेऊन, समुद्र ओलांडून, राणीसारखी मान ताठ करून तिथं नेऊन सोडला होता. मी सतरंजी उचलायच्या आतच भिंतीपाशी उतरून गेला असणार.

आता खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो गप्प बसण्याचा. सतरंजी जाळून टाकली की कुणाला कळणार होतं? सांगितलं तर भिंग भाऊजींची नोकरी गेली. ह्यांचं नाक कापलं गेलं, तेही निवृत्तीला पंधरा दिवस असताना. लोक म्हणणार, उंदीरवाल्याच्या बायकोनं उंदीर आणला. माझा भाऊ तर मेल्यावरसुद्धा हसत राहील. पाच मिनिटं मी तिथं ओल्या फरशीवर बसून हेच घोळवत होते. मग बादलीजवळची साबणाची वडी दिसली, दातांनी खाल्लेली, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अनोळखी खाणं घेत नाही ना मेला? मग हे तर त्याच्या घरचं जेवण!

दहाची बोट गाठली. धक्क्यावर भिंग भाऊजी. त्या आठवड्यात ते भलतेच कडक झाले होते. ह्या वेळी त्यांनी पिशवी उलटी केली. टेबलावर पडली ती सतरंजी आणि साबणाच्या चार कुरतडलेल्या वड्या.

"वहिनी, साबण कशाला?"

मी सतरंजीचं भोक त्यांच्यापुढे धरलं. "रविवारी ही उघडली नव्हतीत तुम्ही. आणि मीही उघडा म्हटलं नाही."

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. भिंग हातात धरून ते तसेच स्टुलावर बसले. मला वाटलं, आता गयावया करणार, सांगू नका म्हणणार. मी मनात ठरवून टाकलं होतं, म्हणाले तर आपण विरघळायचं नाही. पण ते उठले, खोलीला कुलूप घातलं आणि म्हणाले, "चला. माझं मी सांगतो. तुम्ही तुमचं सांगा."

ह्या वेळी मात्र बोट लागली मला, चांगलीच लागली.

पत्र्याच्या खोलीत हे होते आणि बेटाच्या प्रमुख मॅडम. वयानं आमच्या मुलीएवढ्या, पण नजर अशी की समोरचा आपोआप सरळ उभा राहतो. भाऊजींनी सांगितलं, मी सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. राणीसारखं वाटलं होतं तेही सांगून टाकलं.

मॅडम ह्यांच्याकडे बघायला लागल्या. हे माझ्याकडे बघत नव्हते. ते साबणाकडे बघत होते. एक वडी उचलली, चष्मा लावला. मग शर्टाच्या खिशातून लाकडाची एक ढलपी काढली. चौदा नंबरच्या पेटीची कड त्यानं कुरतडली होती, तिचा तो तुकडा मंगळवारपासून खिशात घालून फिरत होते. दोन्ही शेजारी शेजारी धरले. दातांची तीच तिरकी रेघ, लाकडावरही आणि साबणावरही.

"डावा दात," हे म्हणाले, आणि खाली बसले.

"अहो, रागवा तरी!" मला रडूच फुटलं. "तुमची पोरं माझ्यामुळे..."

"आधी साबण," हे म्हणाले. "राग नंतर बघतो."

त्या अवस्थेतही मला त्या शब्दाचा राग आला बघा.

दुपारपर्यंत खोलीपासून सहाव्या घरट्यापर्यंतच्या चार सापळ्यांत माझा साबण लागला. हे म्हणाले, वडी कापायची नाही, त्याच्याच दातांची बाजू बाहेर ठेवायची, कोठीचा वास जाता कामा नये. सतरंजीच्या फाटक्या चिंध्यासुद्धा पेट्यांत घातल्या. मी मागे मागे वड्या घेऊन फिरत होते. एकतीस वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम असेल, एक लग्न सोडलं तर. संध्याकाळी मला परत पाठवलं, हे तिथंच राहिले.

रविवारी सकाळी सातला फोन वाजला.

"आलाय."

"कोण?"

"आपल्या घरचा."

मी फोन हातात धरूनच देवासमोर नाही, सरळ दारात जाऊन उभी राहिले. पहिल्या बोटीला भाऊजींनी माझी तपासणी केली. पिशवी, खिसे, रुमाल, चपला, केसांतल्या पिना. पाऊण तास. मागच्या माणसानं कुरकुर केली तर मीच त्याच्यावर डाफरले, "गप्प उभे राहा, काम करताहेत ते!" नोकरी गेली नव्हती त्यांची. मॅडमनी ताकीद दिली होती आणि स्वतःच्या हातानं भिंतीवर पाटी लावली होती, 'आपली माणसं आधी तपासा.'

सापळ्यात होता तो एवढासा. मुठीत मावेल एवढा. ओठ वर करून हे दाखवत होते, टवका उडालेला दात. सव्वीस वर्षं ज्याची वाट बघितली तो हा, आणि ह्यांच्या तोंडावर विजय वगैरे काही नव्हता. दमले होते फार.

मॅडमनी नोंदवही पुढे सरकवली. मी पानं चाळली. शून्य, शून्य, शून्य. वर्षानुवर्षांची गोल, सुबक शून्यं. ह्या सगळ्याच्या शेवटी आता एक आकडा बसणार, तोही माझ्या पिशवीतून आलेला.

ह्यांनी तारीख लिहिली. सापळा क्रमांक चौदा. काय सापडलं, तिथं 'एक उंदीर'. पुढचा रकाना होता 'कसा आला'. तो सव्वीस वर्षं कोरा होता. पेन थांबलं.

"लिहा," मी म्हटलं. "बायकोच्या पिशवीतून. मला काही वाटणार नाही."

खोटं होतं ते. फार वाटलं असतं.

हे लिहायला लागले. एका ओळीचा रकाना, पण तीन ओळी झाल्या, समासातही गेलं. मग वही माझ्याकडे फिरवली. मी चष्मा आणला नव्हता, म्हणून मॅडमनीच मोठ्यानं वाचलं.

"माझ्या घरच्या कोठीतून. घरात उंदीर आहे असं पत्नी दीड महिना रोज सांगत होती. मी बघतो म्हणालो आणि बघितलं नाही. तिचं बरोबर होतं. उपायही तिनेच सुचवला."

खाली सही. मॅडमनी शेजारी आपली सही केली आणि वर गोल शिक्का मारला.

एकतीस वर्षं मी ज्या वाक्यासाठी भांडत होते ते मला सरकारी शिक्क्यासकट मिळालं. डोळे पुसत बाहेर आले तर पायवाटेवर एक तपकिरी पक्षी उभा. गोलमटोल, बुटका, रागीट. आमच्या सासूबाई बाजारात भाव न पटल्यावर तरातरा निघायच्या ना, तसा तो माझ्या अगदी पायासमोरून निघून गेला. वळूनही बघितलं नाही.

"हेच का तुमचं पोर?" मी विचारलं.

"हेच," हे मागून म्हणाले. "तीन नंबरचं. तापट आहे. तुला आवडेल."

आठ घरट्यांतून एकोणीस पिल्लं बाहेर आली. सहाव्या घरट्याची काठी ह्यांनी काढली नाही, तशीच ठेवली. निरोपसमारंभात माझ्या भावानं नेहमीचं विचारलंच, "काय जावईबापू, एकूण किती?"

"एक," हे म्हणाले. "तुमच्या बहिणीनं पकडला."

त्या पानाची झेरॉक्स मी मागून घेतली. स्वयंपाकघरात लावायची म्हणून फ्रेमही आणली. भिंतीत खिळा ठोकायला सांगितला तर हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "बघतो."

मी नुसतं त्या कागदाकडे बोट दाखवलं. उठले हो, लगेच उठले, हातोडी शोधायला.